नाणी चमकवायचं किट घेतलं आणि रुपया घालवून बसले, मग जे खरंच कामाला आलं त्याबद्दल

दिवाळीच्या आधी आजोळचं घर आवरताना आजोबांचा पत्र्याचा डबा माझ्या वाट्याला आला, त्यात पाच राजाछाप रुपये, दोन राणीछाप, एक अधेली (अर्धा रुपया), पावल्या चवल्या (चार आणे, दोन आणे) मिळून दहाबारा, भोकाचे पैसे मूठभर आणि एकदम तळाशी कागदात गुंडाळलेली एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. सगळ्यावर वर्षानुवर्षांचं हळदीकुंकू, तूप, काजळी असं काय काय बसलेलं कारण आजोबा दर लक्ष्मीपूजनाला हीच नाणी ताटात मांडायचे. आता हे नीट साफ करून जपून ठेवू म्हणून मी ऑनलाइन एक कॉइन क्लिनिंग किट मागवलं, 649 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, अशी डझनभर किटं आहेत आणि आतला माल सगळ्यात तोच दिसतो.

किटमधे काय होतं तर एक बाटली लिक्विड, एक नायलॉनचा ब्रश, पिवळं पॉलिशचं फडकं, आणि वीस प्लास्टिकची पाकिटं. बाटलीवर मोठ्या अक्षरात सगळ्या धातूंसाठी सुरक्षित, 30 सेकंदात नव्यासारखं. मी खालची बारीक अक्षरं नंतर वाचली, त्यात थायोयुरिया नावाचं रसायन आणि ॲसिड लिहिलं होतं. ते आधी वाचलं असतं तर बाटली उघडलीच नसती, म्हणून तुम्हाला सांगते, मागवायच्या आधी लेबलचा फोटो झूम करून घटक वाचा.

मी 1918 चा रुपया बुडवला. सडक्या अंड्याचा वास आला आणि खरंच अर्ध्या मिनिटात सगळा काळेपणा गेला. पण जो रुपया बाहेर आला तो चांदीचा वाटेचना, पांढराफटक, खडूसारखा, उजेडात फिरवला तरी त्यावरून काही हलत नव्हतं. कोपऱ्यात राहिलेलं कुंकू काढायला त्यांचाच ब्रश फिरवला, तोही हलक्या हाताने, आणि मग भिंगातून बघितलं. जॉर्ज राजाच्या झग्यावर एक छोटासा हत्ती असतो बघा, 1911 च्या रुपयात तोच हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला म्हणून केवढी ओरड झाली, ती नाणी मागे घेतली आणि 1912 पासून हत्ती सुधारून काढला. तर त्या सुधारलेल्या हत्तीच्या अंगावर आता केसासारखे बारीक आडवेतिडवे ओरखडे. मला रडूच आलं खरं तर, आजोबांनी एवढी वर्षं सांभाळलेला रुपया आणि मी अर्ध्या मिनिटात हे केलं.

असं का होतं ते नंतर समजून घेतलं. टांकसाळीत नाणं ठोकतात तेव्हा दाबाने धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या इतक्या सूक्ष्म रेषा पडतात की साध्या डोळ्याला दिसत नाहीत, पण नाणं तिरपं केलं की त्यांच्यावरून उजेड गोल फिरतो, त्यालाच लस्टर म्हणतात. चांदीवरचा काळपट निळसर थर हा गंधकाशी संयोग होऊन तयार झालेला चांदीचाच थर असतो, डिप, म्हणजे असं बुडवायचं लिक्विड, तो थर विरघळवतं आणि प्रत्येक वेळी खालच्या चांदीतलंही थोडं नेतं, त्या रेषा बोथट होतात. एकदा गेल्या की गेल्या. पॉलिशच्या फडक्याने जी चमक येते ती वेगळी, ती घासलेल्या वाटीची चमक.

भोकाचा पैसा, 1944 चा, तोही बुडवून बघितला (हे पैसे खूप आहेत म्हणून धीर केला). कांशाचा तो सुंदर चॉकलेटी रंग जाऊन गुलाबी केशरी झाला आणि दोन महिन्यात त्याच्यावर काळेनिळे डाग पडले. म्हणजे सगळ्या धातूंसाठी सुरक्षित हे सरळ खोटं आहे. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उघडलेली बाटली परत घेत नाही एवढंच उत्तर.

प्रदर्शनात एका नाण्यांच्या व्यापाऱ्याला तो रुपया दाखवला. त्यांनी भिंगही डोळ्याला नीट लावलं नाही, ताई हा धुतलाय म्हणाले, याचे आता चांदीच्या वजनाचेच. तसा 11.66 ग्रॅमचा रुपया, त्यात 91.7 टक्के चांदी, म्हणजे वजनाचे पैसे येतीलच पण जुन्या नाण्याची किंमत त्या चेहऱ्याची असते ना. ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यासुद्धा असं नाणं आलं की सरळ क्लीन्ड असा शेरा मारतात. त्या काकांनीच मग मला नीट बसवून सांगितलं की बाहेरून चिकटलेलं काढायचं, धातूवर जे स्वतःहून आलंय त्याला हात लावायचा नाही.

तर आता जे मी वापरते ते. डिस्टिल्ड वॉटर आणि शुद्ध ॲसिटोन, बास. डिस्टिल्ड वॉटर केमिस्टकडे मिळतं, नाहीतर गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी घ्या, फक्त बाटली नीट बघून, पाणीच पाहिजे, बॅटरीचं ॲसिड नको. नळाचं पाणी का नाही तर त्यात क्लोरीन आणि क्षार असतात, वाळलं की डाग. ॲसिटोन लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून आणलं, अर्धा लिटर, किटच्या निम्म्या पैशात. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात वास, रंग, तेल काय काय घातलेलं असतं. ॲसिटोनचा फायदा हा की ते तूप, तेल, गोंद, चिकटपट्टीचा चिकटा विरघळवतं पण चांदी तांब्याला काही करत नाही, काळपट थर जसाच्या तसा राहतो.

दुसरा राजाछाप रुपया, 1919 चा, आधी दिवसभर डिस्टिल्ड वॉटरमधे ठेवला, मग काचेच्या छोट्या बरणीत ॲसिटोन घालून त्यात. प्लास्टिकचं भांडं घेऊ नका, बरीच प्लास्टिकं त्यात विरघळतात. दहा मिनिटांत ॲसिटोन पिवळं व्हायला लागलं, लिंबू सरबतासारखं, आजोबांच्या किती दिवाळ्यांची हळद होती ती कोण जाणे. दोनदा ॲसिटोन बदललं, स्टीलच्या चिमट्याला टोकाशी सुती दोरा गुंडाळून नाणं कडेला धरून काढलं, मऊ सुती कापडावर ठेवून वरून नुसतं टेकवलं, पुसायचं नाही, घासायचं तर नाहीच. आणि मग खालच्या बाजूला कमळाखाली तो बारीकसा ठिपका दिसला, मुंबईच्या टांकसाळीची खूण. इतकी वर्षं तो कुंकवाखाली झाकलेला होता, मी घरातल्या सगळ्यांना बोलावून भिंगातून दाखवला. रुपया अजून काळसरच आहे, कडेला जांभळट निळी झाक आहे आणि तिरपा केला की उजेड फिरतो.

हे काम स्वयंपाकघरात करू नका आणि देवघरात निरांजन लागलेलं असेल तर आधी ते शांत होऊ द्या, ॲसिटोनची वाफ लगेच पेट घेते. मी गॅलरीत करते, मुलं शाळेत गेली की.

तांब्याच्या नाण्यांना चिंच मीठ, लिंबू, व्हिनेगर, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यातलं काहीही लावू नका, आपल्याकडे हात आपोआप तिकडेच जातो कारण तांब्याचे तांबे आपण तसेच घासत आलोय. पण तांब्यावरचा तो तपकिरी हिरवट थर नाण्याचं रक्षण करत असतो. ऑलिव्ह ऑइलमधे महिनाभर बुडवा असंही बरेच जण सांगतात, मला ते पटलेलं नाही, त्यातही थोडं ॲसिड असतंच आणि तांब्याचा रंग बदलतो. एक अपवाद लक्षात ठेवा, नाण्यावर फिकट हिरवी पूड दिसली आणि टोकरली की झडत असेल, पुसल्यावर परत येत असेल तर तो क्लोराइडचा रोग आहे, ते नाणं ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळं करा, कोरड्या जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा, घरचा उपाय नको.

किटमधली ती प्लास्टिकची पाकिटं पण फेकली. नवीन रेक्झिनसारखा वास येत होता, म्हणजे पीव्हीसी, त्याने काही महिन्यांनी नाण्यावर हिरवट चिकट थर येतो (तो मात्र ॲसिटोनने निघतो, लवकर लक्षात आलं तर). आता मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेली पुठ्ठ्याची पाकिटं आणलीत.

किटला पाचपैकी एक स्टार, तो पण खोक्यासाठी, खोकं छान आहे, भोकाचे पैसे त्यात ठेवलेत. डिस्टिल्ड वॉटर आणि ॲसिटोनला पाचपैकी पाच. आणि पूजेसाठी तो धुतलेला 1918 चा रुपया वेगळा काढलाय, पंचामृत हळदकुंकू आता त्यालाच, बाकीच्यांना नाही. आईला आधी रुचलं नाही पण आजोबांचाच रुपया आहे म्हटल्यावर तयार झाली.

राहिली शिवराई. तिच्यावर माती इतकी घट्ट बसलीय की एका बाजूला फक्त श्री वाचता येत होतं. ती डिस्टिल्ड वॉटरमधे भिजत ठेवलीय, रोज पाणी बदलते आणि भिजवलेल्या लाकडी टूथपिकने, टोक आधी बोथट करून, अक्षराच्या मधली माती सुटेल तेवढीच सोडवते, नाही सुटली तर तशीच राहू देते. काल राजा मधला रा दिसायला लागला. आज सहावा दिवस, पाणी अजून थोडं गढूळ येतंय, रात्री परत बदलणार आहे.