गुडघ्यात स्टेरॉइड घ्यावं की जेल?

मामींच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजलीय. डॉक्टरांनी दोन्ही इंजेक्शनं सुचवली. स्टेरॉइड स्वस्त, काही दिवसांत ठणका उतरवतं, पण आराम टिकतो काही आठवडेच. मधुमेह असेल तर साखर चढते, हे मामींनी डॉक्टरांशी आधीच बोलावं. शिवाय २०१७ च्या एका अमेरिकी चाचणीत दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा नुसतं सलाइन (मिठाचं पाणी) टोचलेल्यांपेक्षा जास्त झिजली आणि दुखण्यात दोघांत फरक दिसला नाही. जेल, म्हणजे हायल्युरॉनिक आम्ल, बरंच महाग. सलाइनपेक्षा फरक जेमतेम. ‘नवी कूर्चा’ वगैरे जाहिरातीतलं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, ती भरून येणार कशी?

गुडघा सुजलाय आणि घरचं लग्न तोंडावर, तर एखादं स्टेरॉइड. साखर आटोक्यात नाही, खिसा परवानगी देतो, तर जेल. मांडीचे व्यायाम मात्र दोन्हीकडे चुकत नाहीत.