गॅस भरावा की गळती शोधावी?

जुन्या एसयूव्हीचा एसी गार हवा देईनासा झाला की गॅरेजात दोन वाटा असतात: नुसता गॅस भरून घेणे, किंवा गळती शोधून ती बंद करणे. पहिली स्वस्त आणि झटपट. पण आर-१३४ए हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. दोन महिन्यांत कूलिंग गेलं म्हणजे तो कुठेतरी गळतोय. शिवाय कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस कमी असताना एसी चालवत राहिलात तर कॉम्प्रेसरच जाम होऊ शकतो, आणि तो खर्च फार मोठा! म्हणून मी ठामपणे दुसऱ्या वाटेच्या बाजूचा. आधी पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर, म्हणजे गरम गॅस गार करणारा भाग, पाहा. खडी लागून भोक पडलं असेल तर तेलकट डाग दिसतो. मग जोडांवरच्या रबरी रिंगा. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम करून, म्हणजे नळ्यांतली हवा पंपाने ओढून घ्याच, आत ओल राहता कामा नये.

मागच्या दाराची काच अडली तर मात्र स्वस्त उपाय आधी. मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर बहुधा रेग्युलेटर, म्हणजे काच वर-खाली सरकवणारी यंत्रणा, गेलाय. आवाजच नसेल तर फ्यूज, बटण आणि दाराच्या बिजागरीपाशी वाकून तुटलेली वायर तपासा. काच रेंगाळत चढत असेल, तर खाचेतली धूळ पुसून सिलिकॉन स्प्रे मारा.