एबसिंथ आणि क्रिता, काही महिन्यांच्या वापरानंतर: शूट केलेला व्हिडिओ खरंच हाताने काढल्यासारखा दिसतो का?

दिसतो, पण शॉट त्यासाठीच घेतलेला असेल तर. एबसिंथ म्हणजे थोड्या फ्रेमवर काढलेलं चित्र बाकीच्या व्हिडिओभर पसरवणारा प्रोग्राम, आणि क्रिता म्हणजे चित्रं काढायचा. ठाण्याच्या स्वागतयात्रेतलं ढोल-ताशा पथक, लग्नाची क्लिप असं आधीच शूट झालेलं काहीतरी पुढे ठेवून कुणी 'याचं कार्टून करून द्या' म्हणालं, तर ही जोडी हात टेकते. अशा कामाला सरळ नाही म्हणावं.

इथे लिहिलंय ते एबसिंथच्या जुन्या, मोफत बीटा आवृत्तीबद्दल. सोबत चित्रं काढायला क्रिता, व्हिडिओच्या फ्रेम वेगळ्या करायला एफएफएमपेग आणि शेवटी जोडणीला आफ्टर इफेक्ट्स. यातलं विकतचं फक्त शेवटचं. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि 16 जीबी रॅम असलेल्या विंडोज लॅपटॉपवर 1080पीचं काम बिनबोभाट होतं.

अमेरिकन अ‍ॅनिमेटर मॅक्स फ्लायशरने 1917 साली पेटंट मिळवलेल्या रोटोस्कोपमध्ये प्रत्येक फ्रेम हाताने गिरवावी लागायची. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 8 सेकंदांच्या शॉटला 192 चित्रं. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर 96. एबसिंथमध्ये त्यातली पाच-सात काढायची, बाकीची प्रोग्राम भरतो. मूळ फ्रेममधले बारीक तुकडे पुढच्या फ्रेममध्ये कुठे सरकले ते तो शोधतो आणि तुमच्या चित्राचे तुकडे तिथे नेऊन बसवतो. तो स्वतः काहीच काढत नाही. एवढं ध्यानात राहिलं की त्याच्या बहुतेक खोड्यांचं कारण आपोआप कळतं.

पहिला परिणाम म्हणजे, जे तुमच्या चित्रात नाही ते पुढे कधीच नीट येत नाही. तोंड मिटलेल्या फ्रेमवर चित्र काढलं आणि चार फ्रेमनंतर माणूस हसला, तर दातांच्या जागी ओठांचाच रंग फासला जातो. म्हणून की-फ्रेम, म्हणजे जिच्यावर तुम्ही चित्र काढता ती फ्रेम, शॉटमधली पहिली नको, 'भरलेली' निवडावी: डोळे उघडे, तोंड किंचित उघडं, दोन्ही तळवे दिसताहेत अशी. नवीन काही दिसू लागलं की तिथे दुसरी की-फ्रेम.

ही दुसरी की-फ्रेम कोऱ्या फ्रेमवरून काढू नका. पहिल्या चित्रावरून एबसिंथने त्या क्रमांकाची जी फ्रेम बनवली तीच क्रितात उघडा, बिघडलेला भाग दुरुस्त करा आणि ती की-फ्रेम म्हणून द्या. ब्रशचा पोत आणि रंग दोन्हीकडे जुळलेले राहतात. वेगवेगळ्या बसून काढलेल्या दोन चित्रांत गालाची छटा थोडीशी जरी हलली, तरी जोडणीत चेहरा लुकलुकतो.

कपड्यांचं गणित उलटं आहे. कार्टूनला साधे, सपाट रंग बरे असं वाटतं, पण पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर प्रोग्रामला पकडायला काहीच नसतं, त्यामुळे चुण्यांच्या रेषा पोटावरून पाण्यासारख्या वाहत सुटतात. काळ्या टी-शर्टचंही तेच. चौकड्याचा शर्ट किंवा काठापदराची साडी मात्र घट्ट धरून ठेवते. चित्रात तुम्ही तो शर्ट सपाट निळा रंगवा, हरकत नाही. चौकडे मूळ फ्रेममध्ये असले की झालं.

प्रकाशाबाबत जास्त काटेकोर राहावं लागतं. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे साधे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. घरात किंवा हॉलमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, नाहीतर पडद्यावर पट्टे फिरतात आणि जुळणीत तेच पट्टे अडथळा आणतात. बाहेर उन्हात 1/250 किंवा त्याहून वेगवान. हलणारा हात धूसर आला की त्याची कडा हरवते आणि रेषा तुटते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक हवेतच. येऊरला पावसाळी ढग सरकताना घेतलेल्या शॉटमध्ये गालावर सावली येताच प्रोग्राम त्या गालाला मानेखालच्या सावलीचा रंग लावतो. फोनने शूट केलं असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: बहुतेक फोन फ्रेमचा वेग मध्येच बदलतात. आधी तो स्थिर 24 करून घ्या, नाहीतर नंतर ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

एफएफएमपेगने व्हिडिओतून फ्रेम सेकंदाला 12 च वेगळ्या करा, पीएनजीमध्ये, चार आकडी क्रमांकाने. काम निम्मं होतं म्हणून नव्हे. 24 वर हालचाल इतकी गुळगुळीत होते की माणसाच्या अंगावर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं. की-फ्रेमचं नाव मूळ फ्रेमच्या क्रमांकाचंच आणि मापही तेच, 8 बिट पीएनजी. क्रितातून एक्स्पोर्ट करताना खालची फोटोची लेयर बंद केलीय ना, हे बघा. फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरं किंवा मोकळ्या जागा न ठेवलेल्या बऱ्या.

रेषेची जाडी 1080पीला पाच ते आठ पिक्सेल असू द्या. दोन पिक्सेलची नाजूक रेघ क्रितात सुंदर दिसते आणि हालचालीत तुटक-तुटक होते. डोळे-कान मोठे करण्याचा मोहही आवरा. मूळ चेहऱ्याच्या बाहेर गेलेली रेषा प्रोग्राम पार्श्वभूमीशी बांधतो, मग डोकं वळतं आणि कान भिंतीवर राहतो.

एबसिंथच्या आकड्यांशी फार खेळायची गरज पडत नाही. की-फ्रेमचं वजन 1, व्हिडिओचं 4 हे मूळचंच ठीक. मास्क, म्हणजे माणूस कुठे आहे ते दाखवणारं काळं-पांढरं चित्र, मात्र जवळजवळ नेहमी वापरावा: माणूस पांढरा, बाकी काळं. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर पार्श्वभूमी एकदाच, एकच चित्र म्हणून काढायची आणि माणूस वर ठेवायचा. या एका सवयीने कामाचा दर्जा जेवढा सुधारतो तेवढा कुठल्याही सेटिंगने नाही. निकाल फ्रेमगणिक वेगळ्या पीएनजीत पडतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी झालेल्या फ्रेम शाबूत राहतात. जागा मात्र भरपूर लागते, कारण प्रत्येक की-फ्रेमचं वेगळं फोल्डर बनतं आणि त्यांच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या असतात, म्हणजे मधल्या काही फ्रेम दोन्हीकडे बनतात.

या चढलेल्या भागात एबसिंथ आफ्टर इफेक्ट्ससाठी जी जोडणी करून देतो, त्यात एक चित्र विरत दुसरं उमटतं. रंगाला ते चालतं, रेषेला नाही. तेवढ्या वेळात नाकाला दोन कडा दिसतात. पापणी मिटते किंवा मान झटकन वळते त्या फ्रेमवर सरळ कट घेतला तर सांधा कळत नाही. हाताने काढलेल्या रेषेचा थरथराट हवा असेल तर आफ्टर इफेक्ट्समधला टर्ब्युलंट डिस्प्लेस (चित्र वेडंवाकडं हलवणारा इफेक्ट) अगदी कमी मात्रेत लावा आणि त्यावर पोस्टराइज टाइम (सेकंदाला किती फ्रेम ते ठरवणारा इफेक्ट) 8 ठेवा. जास्त लावलंत की सगळं चित्र तापाने फणफणल्यासारखं दिसतं.

आफ्टर इफेक्ट्समधला तयार कार्टून इफेक्ट? लांबच्या गर्दीला ठीक आहे, आधी नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, काढून टाकला तर. चेहऱ्याला नको: तो प्रत्येक फ्रेममध्ये कडा नव्याने शोधतो, म्हणून मिशी दर क्षणाला वेगळी उगवते.

काही दृश्यांच्या नादी लागूच नये. तलावपाळीचं हलणारं पाणी, वाऱ्यातली पानं, नेरुळच्या पाणथळीतले रोहित पक्षी. शेकडो एकसारखे गुलाबी ठिपके असले की एकाची मान दुसऱ्याला जोडली जाते. पाम बीच रोडवर गाडीतून घेतलेल्या शॉटमध्ये दर सेकंदाला नवं काही समोर येतं. तिथे इतक्या की-फ्रेम लागतात की सरळ हाताने गिरवणं परवडतं. ढोलाचं टिपरू आणि ताशाच्या काड्याही हातानेच, वेगळ्या लेयरवर.

कंबरेपासून वरचा एकच माणूस, स्थिर कॅमेरा, पाच ते दहा सेकंदांचा शॉट: इथे मात्र या जोडीला मोफतात तोड नाही. मुलाखतीचा तुकडा, दुकानाची छोटी जाहिरात, शाळेच्या स्नेहसंमेलनाची ओळखफीत अशा कामांना बिनधास्त घ्या. शेवटची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून गेली की दाब पडून सपाट रंगांत चौकटी दिसतात आणि रेषांभोवती घाण साचते.