रिसेलचा फ्लॅट की बिल्डरकडचा नवा? कागदपत्रांच्या बाजूने बघितलं तर

महाराष्ट्रात फ्लॅट घेणारे बहुतेक जण शेवटी दोन पर्यायांवर येऊन थांबतात. एक सोसायटीतला रिसेलचा, दुसरा बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पातला. चर्चा होते ती हॉलच्या आकाराची, पार्किंगची, स्टेशन किती लांब याची. कागदपत्रांचा विषय निघतो टोकन देऊन झाल्यावर. आणि दोन्हीकडे तपासायचं असतं ते अगदी वेगळं. रिसेलमध्ये जे घडून गेलं आहे ते उकरायचं असतं, नव्या प्रकल्पात बिल्डरने जे कबूल केलं आहे ते तो करेल का हे जोखायचं असतं. यातलं कोणतं काम तुम्हाला जमणार आहे, यावर निवड ठरवावी असं माझं मत.

वरखर्च कुठे जास्त?

पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट धरू. खरेदीदार पुरुष, दर सध्याचे.

| खर्च | बांधकाम चालू | रिसेल |
|---|---|---|
| मुद्रांक शुल्क, 7 टक्के | 5,60,000 | 5,60,000 |
| नोंदणी फी | 30,000 | 30,000 |
| जीएसटी, 5 टक्के | 4,00,000 | नाही |
| सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य | नाही | जास्तीत जास्त 25,000 |

मुंबईत मुद्रांक शुल्क 6 टक्के आहे. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. करारातली किंमत रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या त्या भागातल्या दरापेक्षा) कमी असेल तर शुल्क रेडी रेकनरवर लागतं. किंमत 45 लाखांच्या आत आणि कारपेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) महानगरात 60, इतरत्र 90 चौरस मीटरपर्यंत असेल तर जीएसटी 1 टक्क्यावर येतो. आणि एक तिसरा पर्याय लोक विसरतात: बिल्डरकडचाच, पण भोगवटा प्रमाणपत्र (ओसी, म्हणजे इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) मिळाल्यानंतर घेतलेला फ्लॅट. त्यावर जीएसटी नाही. अर्थात बिल्डर तोपर्यंत भाव वाढवतो, त्यामुळे सगळे चार लाख वाचत नाहीत.

रिसेलच्या हस्तांतराला सोसायट्या विकास निधी, देणगी अशा नावांनी लाखभर मागतात. पालिका हद्दीत 25,000 च्या वर मागता येत नाही. ‘एनओसी देणार नाही’ ही धमकीही पोकळ आहे, कारण आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) विक्रीला सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागत नाही. बँक मात्र ती मागते, आणि सोसायटीची खरी ताकद तिथे असते.

किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या आयकरापोटी) खरेदीदाराने कापून भरायचा, दोन्ही पर्यायांत. रिसेलमधला विक्रेता परदेशी स्थायिक असेल तर मात्र हा 1 टक्क्याचा नियम लागू नाही. दर बराच जास्त असतो, 50 लाखांची मर्यादाही नसते, आणि चूक झाली तर आयकर खातं तुम्हाला विचारतं. अशा व्यवहारात सीए आधी गाठा.

टोकन किती द्यावं?

नव्या प्रकल्पात उत्तर कायद्यात आहे. रेरा कायदा, 2016 (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नुसार करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज 20 टक्के भरा, अ‍ॅग्रीमेंट दिवाळीनंतर करू’ असं कोणी म्हणालं तर तिथेच उठावं.

रिसेलमध्ये असं कुंपण नाही. टोकन एजंटच्या समोर, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोन ओळींवर दिलं जातं आणि कर्ज नामंजूर झालं की परत मिळत नाही. रक्कम लहान ठेवा आणि पावतीत दोन वाक्यं लिहून घ्या: कर्ज मंजूर झालं नाही तर, आणि टायटलमध्ये, म्हणजे मालकीहक्कात, दोष निघाला तर, पैसे किती दिवसांत परत. विक्रेता या दोन वाक्यांना का बिचकतो, हेही त्यातून कळतं.

रिसेल: आधीच्या मालकांचा माग

बिल्डरकडून पहिल्या मालकाने केलेला करार आणि त्यानंतरचा प्रत्येक करार, अशी अखंड साखळी हवी. प्रत्येकाला नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी सारांश). वकील साधारण 30 वर्षांच्या नोंदींचा सर्च घेतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर प्राथमिक शोध तुम्हीही घेऊ शकता. मधला एखादा व्यवहार नोटरी केलेल्या कागदावर किंवा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर झाला असेल तर साखळी तिथे तुटली. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

सगळ्यात जास्त घोळ वारसाहक्कात होतो. वडील गेले, नॉमिनी म्हणून मुलाचं नाव सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर चढलं, आणि आता मुलगा फ्लॅट विकतो आहे. शेअर सर्टिफिकेटवरचं नाव म्हणजे मालकी नव्हे. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा. सहकार कायद्यातली 2019 ची दुरुस्तीही त्याला तात्पुरता सदस्यच म्हणते. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागा, किंवा सगळ्यांना विक्रेते म्हणून करारात घ्या. ‘बहिणींचं काही म्हणणं नाही हो’ हे वाक्य ऐकू आलं तर त्याच बहिणींच्या सह्या आधी घ्या.

विक्रेत्याचं कर्ज शिल्लक असणं हा दोष नाही. बँकेकडून थकबाकीचं पत्र घ्यायचं आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरायची, विक्रेत्याच्या हातात नाही. कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत करण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई.

नवा प्रकल्प: बिल्डरचा शब्द

इथे अर्धं काम महारेराच्या, म्हणजे रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर घरबसल्या होतं. पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर बोजा किंवा दावा आहे का, बांधकाम परवानगी कितव्या मजल्यापर्यंतची आहे. या शेवटच्या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होतं: तुम्हाला विकतात बाविसावा मजला आणि परवानगी असते चौदाव्यापर्यंत.

कायद्याचं संरक्षण रिसेलपेक्षा कितीतरी जास्त आहे. ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, ताबा लांबला तर व्याज किंवा व्याजासह परतावा, ताब्यानंतर 5 वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर. पण महारेराचा आदेश मिळणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून पुढे वाट बघावी लागते. त्या काळात हप्ता आणि भाडं दोन्ही चालू असतं. ते किती महिने झेपेल, हा हिशेब बुकिंगआधी मांडा.

कन्व्हेयन्स झालं आहे का?

फ्लॅटच्या कराराने तुम्हाला फ्लॅट मिळतो. खालची जमीन सोसायटीच्या नावे व्हायला वेगळं खरेदीखत, म्हणजे कन्व्हेयन्स, लागतं. 1963 च्या मोफा कायद्याखाली (फ्लॅटविक्रीवरचा राज्याचा जुना कायदा) सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत ते करून द्यायचं होतं. असंख्य बिल्डरांनी दिलं नाही. म्हणून 2008 मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आली. सोसायटी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेऊ शकते.

रिसेल बघताना सेक्रेटरीला सरळ विचारा, प्रॉपर्टी कार्डावर किंवा सातबाऱ्यावर नाव कोणाचं? अजून बिल्डरचं किंवा मूळ जमीनमालकाचं असेल तर पुनर्विकासाच्या वेळी वाढीव एफएसआयवर (त्या जमिनीवर जास्तीचं बांधकाम करण्याच्या हक्कावर) त्यांचा दावा उभा राहतो. म्हणून जुनी इमारत, कन्व्हेयन्स बाकी आणि ‘लवकरच रीडेव्हलपमेंट’ या आशेवर चढवलेला भाव, हे त्रिकूट मला पटत नाही.

नव्या प्रकल्पात कन्व्हेयन्सची मुदत भोगवटा प्रमाणपत्रापासून मोजतात. एकच इमारत असेल तर फार काळजी नाही. अनेक टप्प्यांच्या लेआउटमध्ये मात्र जमीन शेवटची इमारत उभी राहिल्यावर सगळ्या सोसायट्यांच्या शिखर संस्थेला मिळते, आणि तो शेवटचा टप्पा कधी संपेल ते बिल्डरच्या हातात. करारातलं हे कलम वाचल्याशिवाय सही करू नका.

बँकेने तपासलं आहे, मग वकील कशाला?

बँक स्वतःचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघते. पार्किंग खरंच तुमचं आहे का, मागच्या मालकाने बाल्कनी आत घेतली ती मंजूर नकाशात आहे का, टोकनच्या अटी काय, याच्याशी तिला कर्तव्य नाही. बिल्डरच्या वकिलाबद्दल तर बोलायलाच नको. रिसेलमध्ये स्वतःचा वकील असलाच पाहिजे. नव्या प्रकल्पात करार महारेराच्या नमुन्यावर बेतलेला असतो, तिथे त्यात बदललेली कलमं वाचून घेण्यापुरता लागतो.

मग कोणी काय घ्यावं?

ओसी आहे, कन्व्हेयन्स झालं आहे, एक किंवा दोनच मालक झाले आहेत, असा रिसेलचा फ्लॅट मिळत असेल तर मी तोच घेईन, थोडा महाग असला तरी. कागद चाळायला वेळ नाही, ताब्याची घाई नाही आणि भाडं-हप्ता दोन्ही झेपतंय, त्याला रेराचा, पूर्णत्वाजवळ आलेला प्रकल्प बरा. ओसी नसलेला जुना फ्लॅट 10 टक्के स्वस्त मिळतो म्हणून घेणाऱ्याने पुढचा खरेदीदारही तेवढीच सूट मागणार हे धरून चालावं. आणि कोणताही पर्याय घेतला तरी सह्या झाल्यावर चार महिन्यांच्या आत दस्त नोंदवा. त्यानंतर दंड सुरू होतो.