बर्लिनमध्ये एकच दुपार आहे: ब्रिट्झचा नाल बघू की पोपटांची वसाहत?

बर्लिनला येणारे ओळखीचे लोक हे हमखास विचारतात, त्यामुळे एकदाच लिहून टाकतो. आर्किटेक्ट ब्रूनो टाउटच्या दोन रंगीत वसाहती, एक दक्षिणेला ब्रिट्झमध्ये घोड्याच्या नालेच्या आकाराची हुफआयझनझीडलुंग, दुसरी नैऋत्येला त्सेलेनडॉर्फमधली ओंकेल टॉम्स ह्यूटं, म्हणजेच पोपटांची वसाहत. दोन्ही पहिल्या महायुद्धानंतरच्या, तेव्हा शहरात घरांची बोंब होती आणि १९२४ पासून घरभाड्यावरच्या टॅक्समधून नव्या बांधकामाला पैसा मिळायला लागला. नक्षीकामाला पैसे नाहीत, घरांचे नकाशे मोजकेच, मग एकसारख्या रांगेतलं घर वेगळं दिसणार कसं? टाउट म्हणाला, रंग लावा. रंग स्वस्त!

पहिल्यांदाच येत असाल आणि आर्किटेक्चरचं फार वेड नसेल तर सरळ ब्रिट्झ. यू७ मेट्रो पकडा, ‘पार्खिमर आले’ स्टेशनला उतरा, पाचेक मिनिटं चाला. मधे एक जुनं तळं, हिमयुगातला खळगा, आणि त्याच्याभोवती साडेतीनशे मीटर लांबीची तीन मजली इमारत वळवलीये, हे टाउट आणि मार्टिन वाग्नरचं काम, १९२५ पासूनचं. आत शिरलं की दोन मिनिटांत कळतं काय केलंय ते, कुणी समजावून सांगावं लागत नाही. भिंती पांढऱ्या, बाल्कन्यांचे कोनाडे निळे. आईला घेऊन गेलो होतो तर ती म्हणाली, नीळ जास्त पडलीये रे! खरंच कपड्यांच्या निळीसारखाच रंग आहे तो.

पण लोक नालेचा फोटो काढतात आणि परत जातात, तिथेच चुकतात. खरी मजा मागच्या गल्ल्यांमध्ये आहे, तिथे जवळपास ६८० रो-हाउसेस आहेत, गेरूसारखी लाल, पिवळी, निळी, पांढरी. आणि ‘फ्रिट्झ रॉयटर आले’ रस्त्यावरची ती लांबलचक लाल भिंत चुकवू नका, तिचे जिने बुरुजासारखे बाहेर आलेत, समोर मात्र रस्त्यापलीकडे उतरत्या छपरांची पारंपरिक घरं. लाल बाजू सपाट छपराची, पलीकडची उतरत्या, तेव्हा छप्पर हासुद्धा राजकीय पक्षाचा प्रश्न होता.

हेच भांडण त्सेलेनडॉर्फला अजून जोरात झालं. टाउट, हेरिंग आणि साल्विसबर्ग या आर्किटेक्टांनी १९२६ पासून सपाट छपरं बांधली, १९२८ मध्ये दुसऱ्या गटाने शेजारीच मुद्दाम उतरत्या छपरांची कॉलनी उभी केली, पेपरवाल्यांनी त्याला छपरांचं युद्ध म्हटलं. आज दोन्ही बाजूंनी झाडं इतकी वाढलीत की युद्ध कुठे झालं ते शोधावं लागतं.

आता माझं मत. रंग बघायला यायचं असेल तर त्सेलेनडॉर्फ, आणि मी हे ब्रिट्झवर प्रेम असूनही म्हणतोय. लोक हिला पोपटांची वसाहत म्हणतात, पण पोपटी शोधत बसू नका. टाउटने पूर्वेकडच्या भिंतींना थंड हिरवा दिला, शेवाळीकडे झुकणारा, पश्चिमेकडच्यांना ऊबदार तांबूस. तिथल्या ‘आम हेगेविंकेल’ रस्त्यावर एका दरवाज्यापाशी उभे राहा, खिडकीची चौकट एका रंगाची, आतली झडप दुसऱ्या, मागे पाइनचे खोड, आणि दुपारचं ऊन सरकलं की खोडाचा लालसरपणा आणि भिंतीचा एकमेकांत मिसळतो. रंग सिलिकेटचा, प्लास्टरमध्ये मुरतो, मॅट राहतो, ऑइल पेंटसारखी चमक नाही म्हणूनच हे जमतं.

तोटा असा की त्सेलेनडॉर्फला ब्रिट्झसारखं एका नजरेत मावेल असं काही नाही. सव्वा-दीड तास पायपीट करायची तयारी हवी, वयस्कर माणसं बरोबर असतील तर कंटाळतील. यू३चं स्टेशनही वसाहतीच्याच नावाचं, प्लॅटफॉर्मच्या दोन्ही बाजूंना दुकानांची गल्ली, तिथे कॉफी घ्या आणि निघा.

युनेस्कोचा शिक्का हवा असेल तर तो २००८ साली ब्रिट्झला मिळाला, बर्लिनच्या आणखी पाच वसाहतींबरोबर. त्सेलेनडॉर्फ त्यात नाही, दर्जा कमी म्हणून नाही असं मला वाटतं, बघितल्यावर तुम्हालाही वाटेल. त्या सहांमध्ये टाउटचीच फाल्केनबर्गची ‘रंगपेटी’ म्हणतात ती वसाहतही आहे, १९१३ ला सुरू झाली आणि युद्धाने १२८ घरांवर अडकली, ती मात्र वेगळ्या दिवसाची गोष्ट.

दोन्हीकडे लोक राहतात, त्यामुळे खिडकीत डोकावू नका, कुणाच्या अंगणात शिरू नका. ब्रिट्झला सकाळीही चालेल. त्सेलेनडॉर्फला उन्हाळ्यात चारनंतर जा, पश्चिमेच्या भिंती तेव्हा पेटतात, आणि पोहायचं असेल तर टॉवेल घ्या, पुढचंच स्टेशन क्रुमे लांके, तळ्यापर्यंत थोडंच चालायचं.