जपान, अमेरिका की फिनलंड? इंग्रजीच्या तासाला कोणती शाळा शेजारी ठेवायची

नववी ते अकरावीच्या मुलांना इंग्रजीत बोलतं करायचं असेल तर शाळेसारखा विषय नाही. प्रदूषणावर बोलायला मुलांकडे पाठ केलेली चार वाक्यं असतात. शाळेवर बोलायला नऊ-दहा वर्षांचा अनुभव असतो, तक्रारी असतात, शिवाय ठाम मतं असतात. शेजारी दुसऱ्या देशातली शाळा मांडली की ‘दॅन’, ‘अ‍ॅज... अ‍ॅज’, ‘व्हेअरअ‍ॅज’ ही फळ्यावरची मंडळी कामाला लागतात. मग देश कोणता घ्यायचा? बहुतेक शिक्षक अमेरिका उचलतात, कारण व्हिडिओ मुबलक. मी निवड वेगळ्या निकषावर करीन: त्या शाळेबद्दल बोलताना कोणती वाक्यरचना पुन्हा पुन्हा लागणार आहे, आणि आपल्या वर्गाला सध्या तिचीच गरज आहे का?

त्याआधी एक अडचण मिटवावी लागते. ‘हायस्कूल’ म्हटलं की प्रत्येक देशात वेगळ्या वयाची मुलं येतात. सोळा वर्षांचा मुलगा आपल्याकडे दहावी संपवून ज्युनिअर कॉलेजात बसलेला असतो. जपानमध्ये तो तीन वर्षांच्या हायस्कूलच्या सुरुवातीला असतो, अमेरिकेत चार वर्षांच्या हायस्कूलच्या मध्यावर. फिनलंडमध्ये नऊ वर्षांची शाळा संपवून त्याने नुकतीच लुकिओची (तिथली उच्च माध्यमिक शाळा) किंवा व्यवसाय शिक्षणाची वाट धरलेली असते. म्हणून तुलनेच्या तक्त्याच्या डोक्यावर ‘हायस्कूल’ न लिहिता ‘वय १६’ लिहा. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

आता जपान. मराठी माध्यमाच्या नववीसाठी माझी पहिली पसंती हीच, कारण समजावून सांगावं लागतं ते फार थोडं. वर्ग ठरलेला, शिक्षक बदलतात, मुलं जागेवर. गणवेश आहे. सक्तीचं शिक्षण नऊ वर्षांचं, त्यामुळे पंधराव्या वर्षी प्रवेश परीक्षा देऊन हायस्कूल मिळवावं लागतं. अकरावी प्रवेशाच्या याद्यांचा घोर अनुभवलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. चौकट ओळखीची असल्यामुळे फरक ठळक दिसतात: वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, दारातच बूट काढून आतले बूट घालायचे, शाळा सुटण्याच्या सुमारास वर्ग आणि जिने मुलांनीच झाडायचे-पुसायचे, मग क्लबचा सराव. बऱ्याच शाळांत केस रंगवायला बंदी, अर्धवेळ नोकरीलाही बंदी. म्हणजे ‘दे मस्ट’, ‘दे हॅव टु’, ‘दे आर नॉट अलाउड टु’ ही वाक्यं दहा मिनिटांत वीस वेळा येतात, आणि नववीला नेमकी तीच घोटून घ्यायची असतात. ‘युज्ड टु’ शिकवायचं असेल तर एक ताजा धागा आहे: टोकियो महानगराच्या सरकारी हायस्कूलांनी एप्रिल २०२२ पासून केस काळे करायला लावणारा नियम काढून टाकला.

खेळावर बोलणाऱ्या मुलांसाठी कोशिएन आहे. हायस्कूलांची ही राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा १९१५ मध्ये सुरू झाली. दर ऑगस्टमध्ये एनएचके हे तिथलं सार्वजनिक टीव्ही चॅनेल ती देशभर दाखवतं, आणि हरलेल्या संघाची मुलं मैदानातली माती पिशवीत भरून घरी नेतात. जिल्हा पातळीवर खो-खो किंवा कबड्डी खेळलेला एखादा मुलगा वर्गात असतोच. एरवी तोंड न उघडणारा हा गडी इथे बोलतो.

जपानचा धोका एकच. तास बघता बघता सुविचारांचा परिपाठ होतो: ते शिस्तीचे, आपण बेशिस्त. तसं दिसलं की विचारा, “आपला वर्ग कोण झाडतं?” जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आलेली मुलं हात वर करतात, कारण पाळीपाळीने वर्ग झाडणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. ज्यांच्या शाळेत हे काम मावशी करतात ती गप्प बसतात. एकाच बाकावरची दोन मुलं ‘अवर स्कूल्स’बद्दल वेगवेगळं सांगू लागली की तुलना खरी होते आणि ‘सम स्कूल्स’, ‘मोस्ट स्कूल्स’ आपोआप लागतात. विद्यार्थ्यांनी झाडू हातात घ्यावा की नाही यावर पालकांत जो वाद होतो, तो मात्र तासापुरता बाहेर ठेवा.

अमेरिकेकडे मुलं धावत जातात, आणि हीच तिची अडचण आहे. लॉकर, पिवळी बस, प्रॉम, शुक्रवारच्या संध्याकाळचा फुटबॉल हे सगळं मुलांनी पडद्यावर पाहिलेलं असतं, म्हणून ती पाहिलेलंच परत सांगतात. माहिती नवी नाही, त्यामुळे प्रश्नही पडत नाहीत. शिवाय ‘अमेरिकेतली शाळा’ अशी एक वस्तू नाही. तिथे सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे शाळा चालवणारे स्थानिक विभाग, आहेत, बहुतेक नियम राज्य आणि डिस्ट्रिक्ट ठरवतात, आणि आपल्या बोर्डासारखी सगळ्या देशाची एक शालान्त परीक्षा नाही. क्रेडिट, इलेक्टिव्ह, जीपीए, सोफोमोर हे शब्द समजावण्यात तास जातो आणि बोलतात ते फक्त शिक्षक. भाषेच्या बाजूने मिळतं ते ‘कॅन चूज’. विषय निवडता येतात, तासागणिक खोली बदलते, बहुतेक राज्यांत सोळाव्या वर्षी गाडी चालवायचा परवाना मिळू शकतो. हे मौल्यवान आहे, पण एका तासापुरतं.

तरी एका परिस्थितीत मी अमेरिका सर्वांत आधी घेईन. वर्गातल्या कुणाचा आतेभाऊ किंवा मामेबहीण तिकडे हायस्कूलला असेल तर. न्यू जर्सी किंवा बे एरियातली मराठी घरं आपल्या गावांशी नात्याने जोडलेली आहेत, आणि तिकडच्या मराठी मंडळींच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांमुळे त्यातली काही मुलं सुट्टीच्या दिवशी मराठीही शिकतात. मग मुलाखतच घ्यायची. आपल्या मुलांनी सहा प्रश्न इंग्रजीत तयार करायचे, पालकांच्या परवानगीने व्हॉइस नोटने पाठवायचे, उत्तर आलं की वर्गात ऐकायचं. ‘डू यू’ आणि ‘डज युवर स्कूल’ या प्रश्नरचना अशा पक्क्या बसतात की वेगळा सराव लागत नाही. उलट बाजूने तिकडच्या मुलालाही विचारायला सांगा. त्याचे प्रश्न बहुधा जास्त गमतीचे निघतात: ‘तुम्ही रोज प्रतिज्ञा म्हणता का?’ तिथल्या बऱ्याच शाळांतही सकाळी प्रतिज्ञा होते, हे आपल्या मुलांना कळतं तेव्हा चेहरे बघण्यासारखे होतात.

फिनलंड मी अकरावीसाठी राखून ठेवतो. तिथे नियम कमी, म्हणून ‘डोन्ट हॅव टु’ चा सराव भरपूर: गणवेश घालावा लागत नाही, शिक्षकांना सर-मॅडम म्हणावं लागत नाही, नावाने हाक मारतात. आपली मुलं ‘डोन्ट हॅव टु’ आणि ‘मस्ट नॉट’ यांची सर्रास अदलाबदल करतात. ‘दे मस्ट नॉट वेअर अ युनिफॉर्म’ असं कुणी म्हटलं की विचारा, घातला तर शिक्षा होते का? चूक अशी पकडली की नियम पाठ करायची गरज उरत नाही. वस्तुस्थितीही वादाला पुरेशी आहे. शाळा सातव्या वर्षी सुरू होते. मोफत जेवणाचा कायदा १९४३ चा, तो देशभर लागू झाला १९४८ मध्ये. सक्तीचं शिक्षण २०२१ पासून अठराव्या वर्षापर्यंत गेलं, त्यामुळे लुकिओची पुस्तकंही मोफत झाली. आणि राष्ट्रीय पातळीवरची मोठी परीक्षा शेवटी एकदाच, १८५२ पासून चालत आलेली.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं ‘फिनलंडमध्ये गृहपाठच नसतो’ हे मात्र खरं नाही. असतो, आपल्यापेक्षा कमी. ‘नो होमवर्क’ आणि ‘लेस होमवर्क’ यातला फरक शिकवायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

फिनलंडमधली मला सर्वांत आवडणारी जोडी निरोप समारंभाची. फेब्रुवारीत लुकिओच्या शेवटच्या वर्षाची मुलं वेगवेगळे पोशाख करून ट्रकवर चढतात आणि गावातून गोळ्या-चॉकलेटं उधळत जातात. मग अभ्यासाची सुट्टी, मार्चमध्ये परीक्षा. आपल्याकडेही बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावरच निरोप समारंभ, भाषणं, रडारड, समोसा. वेळ जवळपास तीच, भीती तीच, फक्त तऱ्हा निराळी. ‘बोथ’, ‘सिमिलर’, ‘द सेम अ‍ॅज’ शिकवायला इतकी सरळ जोडी मला दुसऱ्या कुठल्या देशात सापडलेली नाही, आणि साम्यावर बोलणं हे फरकावर बोलण्यापेक्षा मुलांना जड जातं.

दक्षिण कोरिया बारावीला द्यावा, तोही वर्ग पाहून. नोव्हेंबरातल्या सुनुंग या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या दिवशी अनेक कार्यालयं आणि शेअर बाजार उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस परीक्षा केंद्रावर पोचवतात, आणि इंग्रजी श्रवण चाचणीच्या वेळी सुमारे ३५ मिनिटं देशातली विमानं उतरत किंवा उडत नाहीत. इंग्रजीच्या वर्गाला यापेक्षा चांगला मजकूर कोण देणार! पण लातूरला नीटच्या क्लासला राहणाऱ्या मुलांपुढे हा विषय ठेवला की गंमत लवकर संपते आणि घरची परिस्थिती, फी, झोप हे सगळं बाहेर येतं. इंग्रजी तोकडं पडलं तर मराठीत बोलू द्यावं. तेवढी तयारी नसेल तर कोरिया घेऊ नका.

जर्मनी सुचवणारे भेटतात. चौथीनंतरच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात (बर्लिनमध्ये सहावीनंतर), सोळा राज्यांचे नियम वेगवेगळे, आणि गुणांत १ म्हणजे सर्वोत्तम. रचना समजावण्यातच तास संपतो. मी सोडून देतो.

देश कोणताही घ्या, आधी आपला रकाना भरून घ्या, नंतर त्यांचा. आणि ‘जपान इज मोर स्ट्रिक्ट दॅन अवर स्कूल’ असं वाक्य आलं तर थांबा: देशाची तुलना शाळेशी होत नाही, ‘जॅपनीज स्कूल्स’ म्हणायला लावा. ही चूक प्रत्येक वर्गात होते आणि पहिल्याच दिवशी दुरुस्त केली तर पुढचा सगळा तक्ता नीट लिहिला जातो. हाताशी एकच तास असेल तर जपान आणि दोनच प्रश्न पुरेत: वर्ग कोण झाडतं, आणि शाळा सुटल्यावर मुलं कुठे जातात.