कंट्रोलर आपल्या सर्व्हर रूममध्ये की क्लाउडवर? भोसरीच्या कारखान्यातून

वायफाय विकायला येणारे लोक वेगाबद्दल बोलतात, एका एपीवर (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय प्रसारित करणारा डबा) किती मोबाइल चालतील ते सांगतात. मी त्यांना आधी एकच विचारते: इंटरनेटची लाइन तुटली की तुमच्या सिस्टिममध्ये काय काय बंद पडतं? याचं नेमकं उत्तर ज्याला देता येतं, त्याच्याशीच पुढचं बोलणं होतं.

मी भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं नेटवर्क सांभाळते. तीन शेड, मोठं स्टोअर आणि ऑफिसची इमारत. शिवाय होसूर (तमिळनाडू) आणि रुद्रपूरला (उत्तराखंड) छोटी गोदामं, कारण आमची गिऱ्हाइकं तिकडेही आहेत. भोसरीत युबिक्विटीचे युनिफाय एपी आहेत आणि त्यांचा कंट्रोलर, म्हणजे त्या सगळ्यांना सेटिंग देणारं आणि त्यांच्यावर देखरेख करणारं सॉफ्टवेअर, आमच्याच सर्व्हर रूममधल्या उबुंटू मशीनवर चालतो. दोन्ही गोदामांत सिस्कोचे मेराकी, म्हणजे सगळा कारभार क्लाउडवरून, कंपनीच्या इंटरनेटवरच्या सर्व्हरमधून. दोन्ही मी रोज वापरते, दोन्ही मला मनापासून आवडतात, आणि कोणी कितीही सांगितलं तरी त्यांच्या जागांची अदलाबदल मी करणार नाही.

आधी भोसरी. माल आला की स्कॅन, रॅकवर चढवला की स्कॅन, लाइनवर दिला की स्कॅन. त्या बारकोड गन आणि फोर्कलिफ्टवरचे टॅबलेट ज्या ईआरपीशी (माल आणि हिशेब सांभाळणारी प्रणाली) बोलतात, तिचा सर्व्हर आमच्याच इमारतीत आहे. गनपासून सर्व्हरपर्यंतच्या वाटेत इंटरनेट कुठेच येत नाही. आमच्या भागात रस्त्याचं खोदकाम बारा महिने कुठे ना कुठे चालूच असतं आणि जेसीबीच्या तावडीतून फायबर सुटत नाही. दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली तरी ती बरेचदा त्याच चरातून आलेली असते. अशा दिवशी ऑफिसमधले मेल अडकतात, स्टोअरमध्ये मात्र कोणाला पत्ताही लागत नाही. तिसऱ्या शिफ्टला रात्री दोन वाजता ‘मॅडम, गन चालत नाहीये’ असा फोन येत नाही, ही माझ्या दृष्टीने या व्यवस्थेची सगळ्यात मोठी कमाई.

पण मेराकीवर अन्याय नको. क्लाउडशी संपर्क तुटला की मेराकीचं वायफाय लगेच बंद पडतं, असं कित्येक लोक छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. नेटवर्कचं नाव, पासवर्ड, व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग) हे सगळं एपीच्या आतच साठवलेलं असतं, आणि वापरणाऱ्यांचा डेटा मेराकीच्या क्लाउडमधून जातच नाही. क्लाउडकडे जाते ती फक्त देखरेखीची माहिती, एका उपकरणामागे साधारण १ केबीपीएस. लाइन गेली तर सेटिंग बदलता येत नाही, डॅशबोर्डवर (मेराकीच्या वेबवरच्या कारभाराच्या पानावर) काही दिसत नाही, आणि ज्या लॉगिनचा निर्णय क्लाउडवर होतो ती अडतात. युनिफायचंही तसंच: कंट्रोलरचं मशीन बंद केलं तरी एपी चालत राहतात, पाहुण्यांसाठीचं पोर्टल, म्हणजे लॉगिनचं पान, मात्र बंद होतं.

म्हणून कंट्रोलर कुठे आहे याच्याइतकंच, ओळख कोण पटवतं हे महत्त्वाचं. आमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी डब्ल्यूपीए२-एंटरप्राइझ आहे, म्हणजे प्रत्येकाची ओळख वेगळी तपासली जाते, आणि ती तपासणारा फ्रीरेडियस सर्व्हर (थोडक्यात रेडियस) इमारतीतच आहे. एपी थेट त्याला १८१२ पोर्टवर विचारतो, मध्ये कंट्रोलरची गरज नाही. हीच ओळख तपासणी बाहेरच्या एखाद्या सेवेवर नेली असती, तर कंट्रोलर घरात ठेवून काहीच साधलं नसतं. कंट्रोलरवर लाखभर रुपये घालून रेडियस क्लाउडवर ठेवणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत. तिथे फायबर तुटली की नव्याने जोडणाऱ्या गन दारातच थांबतात.

जुन्या पद्धतीचे कंट्रोलर आठवणाऱ्यांची भीती मला समजते. सिस्कोने २००५ मध्ये एअरस्पेस ही वायफायचे कंट्रोलर बनवणारी कंपनी विकत घेतली, त्यानंतर मोठ्या कंपन्यांत तेच चित्र होतं: एपी ‘हलका’ आणि अक्कल सगळी एका खोक्यात. एपी आणि कंट्रोलर यांच्या बोलण्याचा कॅपवॅप नावाचा प्रोटोकॉल २००९ मध्ये आरएफसी ५४१५ या इंटरनेट मानकाच्या रूपात आला. त्यात नियंत्रणाची माहिती यूडीपीच्या ५२४६ पोर्टवरून आणि डेटा ५२४७ वरून कंट्रोलरकडे जातो. सगळा डेटा त्या खोक्यातून न्यायचा असं ठरवलं की ते बंद पडल्यावर सगळंच बंद, म्हणून खोकी जोडीने घ्यावी लागत. मेराकी २००६ ची, एमआयटीतल्या रूफनेट प्रकल्पातून निघालेली. सिस्कोने २०१२ मध्ये ती १२० कोटी डॉलरला घेतली. डेटा जागच्या जागी आणि कारभार दूरवरून, ही तिची मांडणी आज युनिफाय, टीपी-लिंक ओमाडा अशा स्वस्त सिस्टिममध्येही दिसते.

युनिफायमध्ये एक सेटिंग मात्र कारखान्यात पहिल्याच दिवशी तपासा. एका एपीने दुसऱ्या एपीमार्फत हवेतून जोडणी घेण्याची सोय चालू असेल, तर एपी गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार, आमच्याकडे फायरवॉल) दिसतो का ते सतत बघत राहतो. गेटवे दिसेनासा झाला की तो स्वतःचं वायफाय प्रसारण थांबवतो. ऑफिसमध्ये हे शहाणपणाचं आहे. आमच्याकडे फायरवॉल रीस्टार्ट केला तरी गन आणि ईआरपी यांचं बोलणं चालूच राहायला हवं, म्हणून सगळ्या एपींना केबल दिली आणि ती सोय बंद ठेवली.

चॅनेलबद्दलही थोडं. भोसरीपासून लोहगावचा विमानतळ दूर नाही. रडारशी वाटून घ्यायचे जे ५ गिगाहर्ट्झचे चॅनेल आहेत, तिथे रडारची चाहूल लागताच एपीला जागा सोडावी लागते आणि नव्या चॅनेलवर जाताना गनची जोडणी तुटते. म्हणून मी ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ एवढेच वापरते, हाताने नेमून देते. आपोआप चॅनेल निवडणारी सोय दोन्ही कंपन्यांत आहे आणि होसूरच्या छोट्या गोदामात ती छान चालते. तीन शिफ्ट चालणाऱ्या, लोखंडी रॅकनी भरलेल्या शेडमध्ये मला ती नको.

आता घरच्या कंट्रोलरचा भार. तो भार खराच आहे आणि विक्रेता तो सांगत नाही. मशीन आपलं, यूपीएस आपला, डेटाबेसही आपलाच. वीज अचानक गेली आणि डेटाबेस नीट बंद झाला नाही, तर कंट्रोलर उठायला त्रास देऊ शकतो. म्हणून आपोआप होणारा बॅकअप दुसऱ्या मशीनवर गेलाच पाहिजे. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, महावितरणची कामंही त्याच दिवशी निघतात, तेव्हा अपडेट आणि बॅकअप परत चढवून बघणं मी गुरुवारीच करते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सॉफ्टवेअरच्या घटकातलं सुरक्षेचं भोक उघड झालं आणि युनिफायचा कंट्रोलरही त्यात सापडला. ६.५.५४ ही सुधारित आवृत्ती लगेच आली, पण ती चढवण्याचं काम ज्याचं त्याच्यावर. क्लाउडवाल्यांकडे अशा वेळी सर्व्हरची डागडुजी कंपनीच करते. ज्या कारखान्यात हे बघायला माणूस नाही, तिथे घरचा कंट्रोलर बसवणं धोक्याचं आहे.

होसूरला असा माणूस नाही, म्हणून तिथे मेराकी. खोक्यावरचा सीरियल नंबर डॅशबोर्डमध्ये नोंदवला, सेटिंग भोसरीत बसून केल्या आणि माल ट्रान्सपोर्टने पाठवला. तिथल्या स्टोअरकीपरने एपी पीओई स्विचला (केबलमधूनच वीज देणारा स्विच) जोडला. त्यांना तमिळ आणि थोडं इंग्रजी, मला मराठी-हिंदी; दिव्याच्या रंगांवर आमचं काम भागलं. आधी रंग बदलत राहिले, मग हिरवा, आणि पहिला मोबाइल जोडल्यावर निळा. युनिफायमध्ये हे करायचं तर एपीला भोसरीचा पत्ता सांगावा लागतो: डीएचसीपीचा (उपकरणांना नेटवर्कमधले पत्ते वाटणारी सेवा) ऑप्शन ४३ लावा, नाहीतर एसएसएचने, म्हणजे कमांड देऊन, आत जाऊन पत्ता भरा, वर व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खाजगी वाट). मला ते येतं, पण दीड हजार किलोमीटरवरच्या रुद्रपूरला फोनवरून ते करून घेणं म्हणजे त्या बिचाऱ्या माणसाचा छळ.

रुद्रपूरनेच मला या डॅशबोर्डची खरी ताकद दाखवली. काही मोबाइल जोडले जायचे पण चालायचे नाहीत. क्लायंटच्या पानावर बघितलं, त्यांना भलत्याच रेंजमधले पत्ते मिळत होते. तिथूनच पॅकेट कॅप्चर (नेटवर्कवरून जाणाऱ्या डेटाची नोंद) घेतलं, तर डीएचसीपीची उत्तरं दोन ठिकाणांहून येत होती. कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पोर्टला लावला होता. जागेवरून न उठता सापडलं. भोसरीत हेच बघायला मला एपीत शिरून तशीच नोंद घेणारं टीसीपीडंप चालवावं लागतं आणि फाइल वायरशार्क या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी लागते. या एका बाबतीत मेराकी फार पुढे आहे.

त्याचे पैसेही ते घेतात. लायसन्स प्रत्येक एपीमागे आणि मुदतीचं. को-टर्म पद्धतीत सगळ्या लायसन्सची मिळून एकच शेवटची तारीख निघते. ती उलटली की ३० दिवसांची सवलत आणि त्यानंतर उपकरणं काम थांबवतात. फायबर तुटल्यावरही चालणारा एपी कागद न भरल्याने थांबतो, हे मालकांना खरेदीच्या आधी स्पष्ट सांगायला हवं. आमच्या अकाउंट्स विभागाच्या कॅलेंडरमध्ये ती तारीख तीन महिने आधीपासून लाल आहे. युनिफायला असं लायसन्स नाही, ओमाडाचा स्वतःच्या मशीनवर चालणारा कंट्रोलरही फुकट आहे.

क्लाउड म्हणजे सुरक्षित, हेही एका दमात मान्य करू नये. ऑगस्ट २०१७ मध्ये मेराकीच्या बाजूला सेटिंगची चूक होऊन काही ग्राहकांनी चढवलेले लोगो, नकाशे असा डेटा गेला. नेटवर्क मात्र चालू राहिली. युबिक्विटीने जानेवारी २०२१ मध्ये ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. त्या प्रकरणात पुढे कंपनीचाच एक कर्मचारी पकडला गेला आणि २०२३ मध्ये त्याला ६ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२३ मध्ये युबिक्विटीच्याच क्लाउडवर १,२१६ खाती दुसऱ्या १,१७७ खात्यांच्या गटाशी चुकून जोडली गेली आणि काहींना परक्यांचे कॅमेरे दिसले. म्हणून भोसरीच्या कंट्रोलरवर स्थानिक खातंच आहे आणि बाहेरून शिरायची सोय बंद. मी घरून काम करते तेव्हा आधी व्हीपीएन.

नोंदींचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आणि ठराविक प्रकारचा सायबर हल्ला झाला तर ६ तासांत कळवायचं. डॅशबोर्डवर दिसतं म्हणजे ठेवलेलं आहे असं धरून चालू नका. आमचे तिन्ही ठिकाणचे एपी सिसलॉग (आपल्या नोंदी) भोसरीच्या एकाच मशीनवर पाठवतात.

आणि खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा. माझ्या आधी एका ठेकेदाराने इथलं वायफाय स्वतःच्या ईमेलवर उघडलेल्या क्लाउड खात्यात नोंदवलं होतं. करार संपल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. एपी आमच्या छताला, बिलं आमच्या फायलीत आणि चावी त्याच्याकडे. ते खातं सुटेपर्यंत पासवर्ड बदलता येईना. आता प्रत्येक खात्याचा मालक कंपनीचा ईमेल असतो, दोन व्यवस्थापक असतात, आणि हे खरेदीच्या ऑर्डरवर लिहिलेलं असतं.

सध्या चाकणच्या नव्या गोदामाचा कागद टेबलावर आहे. भोसरीपासून जवळ, म्हणून सगळ्यांना वाटतं मी तिथेही घरचाच कंट्रोलर मागेन. पण तिथलं गोदामाचं सॉफ्टवेअर गिऱ्हाइकाचं आहे आणि ते इंटरनेटवरूनच चालतं. लाइन गेली तर गन जोडलेली राहूनही काही उपयोग नाही. तिथे मी मेराकी मागितलं आहे आणि सर्व्हरचे वाचलेले पैसे दुसऱ्या लाइनवर लावायला सांगितलं आहे, तीही फायबर नको, छतावरच्या रेडिओची, म्हणजे जेसीबी तिच्यापर्यंत पोचणार नाही.